बाळाची शी आणि गावाचे पाणी

पावसाळा सुरू झाला की गॅस्ट्रोच्या साथीच्या बातम्या येऊ लागतात. कुठे विहिरीत ओढ्याचे पाणी शिरलेले असते, कुठे गटाराला लागून गेलेली जलवाहिनी फुटलेली असते. मग पाण्याचे नमुने तपासणीला जातात, टीसीएल पावडर टाकली जाते, उघड्यावरचे खाद्यपदार्थ बंद केले जातात. हे सगळे आवश्यकच आहे. पण साथीच्या साखळीतली एक कडी घराघरात असते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे लहान बाळाची शी.

‘अजून अंगावर पिते, त्याच्या शीचे काय एवढे?’ असे सहज म्हटले जाते. मोठी माणसे नियमाने शौचालय वापरतात, अशा घरांतही बाळाची शी अंगणाच्या कडेला, उकिरड्यावर नाहीतर गटारात जाते. दुपटी हातपंपाखाली किंवा सार्वजनिक नळावर धुतली जातात. शीला वास कमी म्हणजे धोका कमी, असा यामागचा समज असतो. तो चुकीचा आहे.

या समजाची किंमत किती मोठी असू शकते, हे लंडनमधल्या एका जुन्या साथीने दाखवून दिले. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस तिथल्या सोहो भागात कॉलऱ्याचा उद्रेक झाला आणि काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. मृतांपैकी बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच पंपाचे पाणी पीत होते, हे डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी करून दाखवून दिले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. पंपाखालच्या विहिरीत जंतू आले कुठून, हा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो.

तो शोध लावला हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मोपदेशकांनी. स्नो यांचे म्हणणे त्यांना आधी पटलेले नव्हते. पण मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना पंपासमोरच्याच घरातले पाच महिन्यांचे एक बाळ सापडले. साथ भडकण्याच्या थोडे आधी त्याला जुलाब सुरू झाले होते. त्याच्या आईने दुपटी बादलीत भिजवून ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. नंतर खोदून पाहिले, तर खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या होत्या आणि पंपाची विहीर तिथून तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर होती. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू ओळखून दाखवला तो यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. त्या आईला धोका कळण्याचा काही मार्गच नव्हता. आज तो आहे.

धोका मोठ्यांपेक्षा कमी नाही

लहान मुलांना जुलाबाचे संसर्ग वारंवार होतात. रोटाव्हायरस झालेल्या मुलाच्या एका ग्रॅम शीतही अब्जावधी विषाणू असू शकतात आणि दुसऱ्या मुलाला लागण व्हायला त्यातले अगदी थोडे पुरतात. शिवाय लहान मूल शी करते ती घरात, अंथरुणावर, कडेवर. तिथेच दुसरे मूल रांगत असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालत असते. शी पुसलेल्या हातांनीच पुढच्या क्षणी भात कालवला जातो.

उपाय साधे आहेत. बाळाची शी, मग ती कितीही पातळ किंवा थोडी असो, शौचालयातच टाकावी. दुपटी धुतलेले पाणीही शौचालयातच ओतावे. विहीर, हातपंप, नळ किंवा ओढा यांच्या आसपास दुपटी धुऊ नयेत. वापरलेले डायपर नाल्यात किंवा मोकळ्या जागेत न फेकता त्यातली शी शौचालयात टाकून, डायपर कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात वेगळे द्यावे. बाळाला धुतल्यावर स्वतःचे हात साबणाने धुवावेत आणि बाळाचेही धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा मातीने हात धुणे पुरेसे नाही. रोटाव्हायरस आणि नोरोव्हायरससारख्या विषाणूंपुढे सॅनिटायझरही साबण-पाण्याइतका भरवशाचा नाही. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय लागली, तर जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांचे सार आहे.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. दुधाची बाटली नीट स्वच्छ होत नाही. वरचे दूध द्यावेच लागले, तर वाटी-चमचा बरा. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रांत मोफत मिळते. ती चुकवू नये. मात्र ही लस कॉलरा किंवा शिगेला अडवत नाही. त्यामुळे लस घेतली म्हणून स्वच्छतेला सुट्टी नाही.

एका घराने भागत नाही

आपल्या घरात पाणी उकळून प्यायले, हात धुतले, तरी शेजारची शी पावसाबरोबर विहिरीत गेली की सगळे व्यर्थ. शहरातल्या वस्त्यांमध्ये पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी आल्यानंतरची पहिली धार पिण्यासाठी भरू नये आणि गळती दिसली की लगेच तक्रार करावी.

गावात ही जबाबदारी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. पाण्यात टीसीएल टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून ओटी टेस्ट करतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. उघड्या किंवा दमट जागेत ठेवलेल्या पावडरीचा जोर कमी होतो, हेही पाहायला हवे. पाणी गुणवत्तेच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण निर्जंतुक होत नाही.

मूल आजारी पडलेच तर

जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले.

तेच द्रावण आज ओआरएसच्या पुडीत मिळते. पूर्ण पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम विरघळवावी आणि २४ तासांत संपवावी. उरलेले द्रावण टाकून द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा पाजावे. गोड तयार पेये, ग्लुकोजचे पाणी किंवा चहा याला पर्याय नाहीत. ‘पोटाला आराम’ म्हणून दूध आणि जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताई सांगतील त्या मापाने १४ दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरी. जुलाब थांबवणारी औषधे आणि प्रतिजैविके मनाने देऊ नयेत.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत झाली, शीत रक्त दिसले किंवा मूल सुस्त होऊन पिईनासे झाले, तर घरी वाट पाहू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट. ‘आमच्याच घरात का’ या संकोचापोटी अनेक कुटुंबे आजार लपवतात. पण वस्तीतल्या दोन-तीन मुलांना एकाच वेळी जुलाब लागले, तर तो त्या घरांचा दोष नसतो. पाणी बिघडल्याची ती पहिली खूण असते. ती त्याच दिवशी आशाताईंपर्यंत किंवा आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली, तर विहीर वेळेवर बंद करता येते आणि पुढची मुले वाचतात.