क्षेत्रकार्यातील लिनक्स संगणक आणि दोषनिदानाची पद्धती

१. विषयाचे स्वरूप

बोलीच्या अभ्यासकास आज वहीइतकाच संगणकही जवळ बाळगावा लागतो. निवेदकाचे बोलणे मुद्रित करणे, त्याचे लिप्यंतर करणे आणि ध्वनींचे विश्लेषण करणे ही तिन्ही कामे त्याच एका यंत्रावर होतात. ज्या विद्यार्थ्यांनी या कामासाठी लिनक्स प्रणाली स्वीकारली आहे, त्यांना तिच्यातील दोष कसे शोधावे हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. तलाव आणि नागझिऱ्याचे जंगल यांच्या सान्निध्यात वसलेल्या या परिसरात झाडीबोली, पोवारी, गोंडी अशा निरनिराळ्या कुळांतील बोली एकमेकींशेजारी नांदतात. अशा ठिकाणी गेलेल्या अभ्यासकाचा संगणक ऐन वेळी अडला, तर तो दुरुस्त करून देणारा मनुष्य हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. शिवाय ऐंशीच्या घरातील एखाद्या आजीने सांगितलेली कहाणी यंत्रातून नाहीशी झाली, तर ती दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांत पुन्हा मिळत नाही. कधीकधी मुळीच मिळत नाही. दोषनिदानाचे ज्ञान हा म्हणूनच क्षेत्रकार्याच्या पूर्वतयारीचा भाग मानला पाहिजे.

या निदानासाठी लागणारी शिस्त भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. निवेदकाचा उच्चार आधी जसाच्या तसा टिपावयाचा आणि अर्थ मागाहून लावावयाचा. बाकीचा संदर्भ स्थिर ठेवून एका वेळी एकच घटक बदलावयाचा. आणि प्रश्न ध्वनीच्या, रूपाच्या की वाक्याच्या पातळीवरील आहे ते प्रथम ठरवावयाचे. हीच तीन सूत्रे येथेही उपयोगी पडतात.

२. यंत्रणेचे स्तर

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला ‘लिनक्स’ हा वस्तुतः प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल होय. त्याच्या खाली प्रत्यक्ष यंत्रभाग असतात. त्या भागांशी बोलणारे चालक, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, बहुतांशी कर्नलमध्येच असतात. त्यावर पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा आणि सर्वांत वर आपण वापरतो ते कार्यक्रम असतात. दोष खालच्या स्तरात असला तरी तो दिसतो वरच्या स्तरात. म्हणून नवशिका मनुष्य कार्यक्रमालाच दोष देऊन तो पुनःपुन्हा बसवीत राहतो.

कर्नल आपल्या कामाची नोंद सतत करीत असतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की ती वाचता येते. मात्र ही नोंद ठरावीक आकाराच्या जागेत ठेवली जाते. जागा भरली की जुन्या ओळी पुसल्या जातात आणि संगणक बंद केल्यावर ती उरत नाही. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने दीर्घकाळची नोंद पाहता येते. ती डिस्कवर जतन होत असेल, तर मागच्या खेपेस संगणक चालू असताना काय घडले तेही कळते. यावरून पहिला नियम निघतो : संगणक बंद करून पुन्हा चालू करण्यापूर्वी संदेश अक्षरशः उतरवून घ्यावा. पुन्हा चालू केल्याने दोष गेला, तर काम सुरू होते हे खरे. पण दोषाचे कारण सांगणारी साक्षही त्याबरोबर जाण्याचा संभव असतो.

३. पहिले उदाहरण : ध्वनिग्राहक ऐकू येत नाही

यूएसबीला जोडलेला ध्वनिग्राहक मुद्रणाच्या कार्यक्रमात दिसत नाही, असे समजू. येथे खालून वर जावे. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देते. प्रत्येक उपकरण जोडताच आपल्या निर्मात्याचा आणि स्वतःचा असे दोन क्रमांक कळविते. ते यादीत नसतील, तर दोष तार, खाच किंवा उपकरण यांपैकी एकात आहे. कार्यक्रमाची मांडणी बदलण्यात अर्थ नाही. प्रथम केवळ तार बदलावी, कारण काही तारा फक्त विद्युत्भरणासाठी बनविलेल्या असतात आणि त्यांतून माहिती वाहतच नाही. मग जुनी तार परत लावून केवळ खाच बदलावी. दोन्ही एकदम बदलल्यास काम होईल, पण दोष कशात होता हे कळणार नाही. लघुतम युग्मात दोन ध्वनी एकदम बदलले तर अर्थभेदाचे श्रेय कोणत्या ध्वनीला द्यावयाचे, असाच हा प्रश्न आहे.

यादीत उपकरण असेल, तर ‘एरेकॉर्ड’ या आज्ञेने कर्नलच्या ध्वनिविभागाला, म्हणजे अल्साला, ते ओळखता आले आहे का ते पाहावे. तेथेही असेल, तर त्यावरील सेवेकडे वळावे. ही सेवा पूर्वी बहुधा पल्सऑडिओ असे. २०२१ पासून फेडोराने आणि पुढे इतर वितरणांनीही तिच्या जागी पाइपवायर आणली. ध्वनीचा स्रोत म्हणून संगणकाच्या अंगचाच ध्वनिग्राहक निवडलेला राहणे, हा या स्तरावरील नित्याचा दोष होय.

याहून फसवा दोष म्हणजे कधी असणारा आणि कधी नसणारा. मुद्रणात मंद गुणगुण येते. कधी येते, कधी येत नाही. याला मुक्त परिवर्तन म्हणून सोडून देण्याची घाई करू नये. परिपूरक विनियोग शोधावा, म्हणजे कोणत्या परिसरात गुणगुण येते याचा तक्ता करावा. भारणी जोडलेली असताना ती येते आणि केवळ बॅटरीवर येत नाही असे आढळल्यास कारण वीजपुरवठ्याच्या बाजूचे आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने गुणगुण ५०, १०० अशा पटींत उमटते, आणि पुरुषाच्या आवाजाची मूल वारंवारता पुष्कळदा १०० हर्ट्झच्या आसपासच असते. प्राटसारख्या कार्यक्रमाने सुराचे मापन करताना यंत्राची गुणगुण आणि निवेदकाचा सूर यांत गल्लत होऊ शकते. येथे तांत्रिक दोष थेट संशोधनाच्या निष्कर्षात शिरतो.

४. दुसरे उदाहरण : साठवण

४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट या मानाने एका वाहिनीचे मुद्रण केल्यास दर सेकंदास १,४४,००० बाइट, म्हणजे ताशी सुमारे ५२ कोटी बाइट लागतात. जागा किती उरली हे ‘डीएफ’ या आज्ञेने आधीच पाहावे.

लिनक्सविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयाची आहे. संथ यूएसबी साधनावर फाइल उतरविताना ‘काम पूर्ण’ असे दिसले, तरी माहितीचा काही भाग अद्याप स्मृतीतच असू शकतो. कर्नल तो सवडीने साधनावर लिहितो. म्हणून रीतसर विलग केल्याविना साधन उपसू नये. ‘सिंक’ ही आज्ञा दिल्यास उरलेले लेखन संपेपर्यंत ती थांबून राहते.

ध्वनिमुद्रकाचे मोठे कार्ड उघडत नसेल, तर ते बिघडलेच असे समजू नये. ३२ जीबीहून मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट या मांडणीची असतात, आणि तिचा आजचा चालक कर्नलमध्ये ५.७ या २०२० मधील आवृत्तीपासून आला. जुन्या प्रणालीवर तेच कार्ड निकामी भासते.

परंतु नोंदीत वाचन-त्रुटीचे संदेश पुनःपुन्हा दिसत असतील, किंवा डिस्क अचानक ‘केवळ वाचनीय’ झाली असेल, तर हात आवरावा. अशा साधनावर काहीही नवे लिहू नये. ‘डीडीरेस्क्यू’ने त्याची संपूर्ण प्रतिकृती दुसऱ्या साधनावर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिकृतीवर करावेत. ‘एफएसके’ ही दुरुस्तीची आज्ञा वापरात असलेल्या विभागावर चालविल्यास उरलेसुरलेही नष्ट होऊ शकते. दुर्मीळ हस्तलिखितावर कोणी खाडाखोड करीत नाही, प्रतीवर करतो; तोच विवेक येथे हवा.

५. तिसरे उदाहरण : देवनागरी पाठ

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठी वाचकास सांगणे नको. संगणकात मात्र दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : ऱ या वर्णापुढे हलन्त देऊन, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य संयोजक देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. परिणामी दोन सहकाऱ्यांनी लिप्यंतरित केलेल्या शब्दसूचीत शोध घेतला असता निम्मीच उदाहरणे हाती लागणे संभवते.

येथेही स्तर ठरवावा. तोच पाठ एका कार्यक्रमात नीट आणि दुसऱ्यात विस्कळीत दिसत असेल, तर दोष अक्षरवळणाचा किंवा जोडाक्षरे घडविणाऱ्या यंत्रणेचा आहे. पाठ शुद्ध आहे. दिसण्यात भेद नसून शोध फसत असेल, तर दोष साठवणीचा आहे. उपाय असा की संघातील सर्वांनी एकच कळपट वापरावा. इन्स्क्रिप्टमध्ये र ची कळ शिफ्टसह दाबली असता ऱ मिळतो, आणि युनिकोडने मराठीसाठी पसंत केलेले रूप तेच आहे.

६. समारोप

वरील तिन्ही उदाहरणांत आज्ञा निराळ्या असल्या तरी क्रम एकच आहे : नोंद, स्तरनिश्चय, एका घटकाचा बदल आणि पुन्हा नोंद. आज्ञा काळाच्या ओघात बदलतील. क्रम बदलणार नाही. अन्यत्र वाचलेली एखादी आज्ञा, ती काय करते हे न समजता, प्रशासकाच्या अधिकाराने कधीही देऊ नये.

बोदलकशासारख्या ठिकाणी जाण्यापूर्वी अभ्यासकाने तीन गोष्टी बरोबर घ्याव्यात : जिच्यावरून संगणक सुरू करता येईल अशी लिनक्सची यूएसबी, एक जादा तार, आणि दिवसाचे मुद्रण त्याच रात्री उतरवून घेण्यासाठी दुसरे साधन. एखाद्या वक्त्याच्या उच्चारात ण आणि न यांतील भेद उरला आहे की नाही, हा प्रश्न पुढे कोणी विचारील, तेव्हा त्याचे उत्तर त्या मुद्रणाच्या शुद्धतेवर अवलंबून राहील. कदाचित तोवर तो वक्ता हयात नसेल.