नळ दुरुस्तीचा चोख हिशेब

2019 मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं आणि आपल्या अहिल्यानगरच्या वाड्यावस्त्यांवर नळ येऊ लागले. नळामागून गळतीही आली. दुरुस्ती आम्ही गटातल्या बायकांनी शिकून घेतली, पण हिशेबात फसलो. 10 रुपयांचा वायसर बसवून 50 घेतले, की 40 सुटले असं वाटायचं. त्यातले 30 पेट्रोलला जायचे; तासाभराची मजुरी उरायची 10 रुपये!

आता सामान, प्रवास आणि मजुरी आम्ही वेगवेगळी लिहितो. दर आधीच सांगतो. एका फेरीत एकाच वस्तीवरची तीन-चार कामं उरकतो. महिन्याच्या आत तोच नळ पुन्हा गळला, तर मजुरी घेत नाही. म्हणून पुढचं बोलावणंही आम्हालाच येतं. शेजारणीला हवं तर चहा पाजा, मजुरी मात्र सोडू नका.