मत्स्यशेती : शिक्षण आणि व्यवसाय

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत नर्सिंग, आय.टी.आय. आणि पोलीस भरती एवढ्याच वाटांची चर्चा होते. मत्स्यशेतीचे नाव काढले तर "ते आपले काम नव्हे" असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांला पटत नाही.

पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे व त्यात नको त्या जातीही येत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले आणि हा धंदा शिकून करण्याचा झाला. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना शिरगाव (रत्नागिरी), नागपूर व उदगीर येथे चार वर्षांची पदवी घेता येते. पुढील शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत होते. पदवीधरांना मत्स्यव्यवसाय खाते, बीज केंद्रे, खाद्य कारखाने आणि कोळंबी निर्यातीत कामे मिळतात.

पदवी नसली तरी तळे करता येते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगल तळाशी चरतो, म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. मत्स्यजिऱ्यांपेक्षा बोटुकली महाग पडते, पण जगते जास्त. खरी परीक्षा पहाटेची. रात्रभर शेवाळ व मासे दोन्ही प्राणवायू खातात. उजाडण्यापूर्वी तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, की खाद्य बंद करून पाणी खेळते करावे लागते. त्या वेळी मालक झोपलेला असेल तर वर्षाचे भांडवल एका रात्रीत जाते. नोकराच्या भरवशावर तळे सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोकणातील खाड्यांत कालवे व शिनाणे वाढवतात. त्यांना खाद्य घालावे लागत नाही, ती पाणी गाळून पोट भरतात. मात्र पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते, म्हणून सांडपाणी येणारी खाडी टाळावी.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी ६० टक्के, इतरांसाठी ४० टक्के अनुदान ठरले. अर्जापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू नियम विचारावेत. अनुदान बहुधा खर्च झाल्यावर हाती येते. सुरुवातीचे बीज, खाद्य आणि ठेक्याची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. गावतळ्याचा ठेका घेण्याआधी मे महिन्यात एकदा जाऊन पाणी किती उरते ते पाहून यावे.