धुतलेला शर्ट आणि चाळीस टक्के

शिरूरच्या एका वस्तीतली आई. मुलगा एकोणतीस वर्षांचा. आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत. दिव्यांग तपासणीच्या दिवशी तिने पहाटे चारला उठून त्याला आंघोळ घातली, दाढी केली, धुतलेला शर्ट चढवला. वाघोलीची गर्दी लागायच्या आत पुण्यात पोचावं म्हणून पहिली एसटी पकडली. वाटेत त्याला पढवलं, "डॉक्टरसायबांपुढं शहाण्यावानी बोल."

तो शहाण्यासारखा बोलला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वारही बरोबर सांगितला. पाच मिनिटांत तपासणी उरकली. कागदावर टक्का आला तो चाळीसच्या आत.

तो कागद घेऊन ती माउली आमच्याकडे आली. आम्ही विचारलं, "आंघोळ तो स्वतः करतो का?" ती म्हणाली, "कुठं बाई, मी धरून घालते." हे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं का? तिला कुणी विचारलंच नव्हतं. आईची मेहनत मुलाच्या नावावर जमा झाली आणि त्याच मेहनतीने त्याचा हक्क घालवला.

चाळीस टक्क्यांना एवढं महत्त्व का? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारखा लाभ घ्यायचा तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. या योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. मोलमजुरीवर चालणाऱ्या घरात तेवढ्यावर गोळ्या आणि पुण्याच्या खेपा निघतात.

आता हा टक्का कसा निघतो ते बघू. मोडलेल्या पायाचा एक्स-रे निघतो, मनाचा निघत नाही. म्हणून आपल्या देशात 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. ती भारतातल्याच मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केली आहे. त्यात चार गोष्टी बघतात : स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त. शिवाय आजार किती वर्षांचा, त्याचे एक ते चार गुण. एकूण वीस. सात गुण झाले की चाळीस टक्के.

वरच्या मुलाचा हिशेब करा. आठ वर्षांच्या आजाराचे तीन गुण होतात. मग चारही बाबींत मिळून आणखी चार गुण पुरे. जो स्वतः आंघोळ करत नाही, सहा वर्षांत कामाला गेलेला नाही, त्याला चार गुण मिळू नयेत? मोजपट्टीत खोट नव्हती. खोट मोजण्यात झाली. ही पट्टी घरातल्या जगण्याची आहे, म्हणून सांभाळणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ती नीट भरताच येत नाही.

दौंडच्या एका ताईंचं वेगळंच. तपासणीत विचारलं, "स्वयंपाक करता का?" त्या "हो" म्हणाल्या. झालं, काम करते असं धरलं. खरं तर जाऊबाई शेजारी उभी असते तेव्हाच त्या चुलीजवळ जातात. एकदा गॅस तसाच चालू ठेवून त्या रेल्वे स्टेशनावर जाऊन बसल्या होत्या. या मोजपट्टीत घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचा वेगळा विचार आहे. पण ते काम कुणाच्या आधाराने होतं, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा.

यात आमचीही चूक आहे, ती कबूल करतो. वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा केसपेपरवर आम्ही शेकडो वेळा लिहिलं असेल, 'रुग्ण शांत, सहकार्य करतो.' गोळ्यांच्या गुंगीने माणूस शांत बसलेला असतो. तीच ओळ पुढे 'बरा आहे' म्हणून वाचली जाते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

खोटे दाखले निघतात, मान्य आहे. त्यावरून बातम्याही गाजतात. पण त्या संशयाचा पहिला फटका ज्याच्यामागे कुणी नाही त्याला बसतो. म्हणून आपलं म्हणणं खरं आणि लेखी असलं पाहिजे.

तपासणीआधी एवढं करा.

महिनाभर एक वही ठेवा. रोज दोन ओळी पुरे. रात्री झोपला का, आंघोळ कुणी घातली, गोळी कुणी दिली, कुणाशी बोलला, घराबाहेर गेला तर परत कसा आला. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या.

रोज सांभाळणारं माणूसच सोबत जाऊ द्या. पुढाऱ्याला नेऊ नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी नम्रपणे वही पुढे करा आणि सांगा, "हे घरातलं आहे, बघून घ्या."

आजार कधी सुरू झाला ते दाखवणारा सगळ्यात जुना केसपेपर शोधा. वर्षांचे गुण त्यावरच ठरतात.

माणसाला पढवू नका. तो जसा आहे तसाच जाऊ द्या. पण वाढवूनही सांगू नका. पंचशीलातलं चौथं शील आपण रोज म्हणतो. खरं तेवढंच पुरेसं आहे.

प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा, ते देणं बंधनकारक आहे. टक्का पटला नाही तर त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. अपिलाला मुदत असते, म्हणून कागद पेटीत ठेवून देऊ नका. शिरूर आणि दौंडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. अनुसूचित जाती, स्त्रिया आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

एवढ्यावर थांबायचं नाही. मानसिक आजाराच्या तपासणीसाठी मनोविकारतज्ज्ञ लागतो, म्हणून एका सहीसाठी दोन माणसांचा रोज बुडवून पुणं गाठावं लागतं. असा तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात बसावा आणि सांभाळणाऱ्याचं म्हणणं कागदावर नोंदवलं जावं, या दोन मागण्या विहार समित्यांनी तहसीलदारांकडे लेखी द्याव्यात. आजारपणात आणि दिव्यांगपणात सरकारने साहाय्य करावं, असं संविधानाचं कलम ४१ सांगतं. हे कुणाच्या मेहरबानीचं काम नाही.

आणि एक आपल्या घरातलं. पाहुणे आले की आजारी माणसाला आतल्या खोलीत बसवायचं, 'वेडा' शब्द बाहेर जाऊ नये म्हणून सगळं झाकायचं, ही सवय आपल्याला लागली आहे. घरात जे झाकतो तेच तपासणीच्या टेबलावरही झाकलं जातं. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

शिरूरच्या त्या माउलीने आता वही सुरू केली आहे. पहिल्याच पानावर धाकट्या मुलीच्या अक्षरात आहे : 'दादाला आज आईने आंघोळ घातली. दादा रडला.' अपिलासोबत हेच पान आम्ही जोडणार आहोत.