नाव कमी केल्याचा दाखला

लग्न होऊन महिना-दीड महिना झाला की मुंबईतल्या घराघरांत एका कागदाची आठवण निघायची. माहेरच्या शिधावाटप कार्यालयातून आणायचा नाव कमी केल्याचा दाखला. मुलुंडच्या रेशनकार्डावरून मुलीचं नाव कापायचं, दाखला घ्यायचा, बोरिवलीच्या कार्डावर नाव चढवायचं. एका दुकानात एक युनिट कमी, दुसऱ्यात एक जास्त. साखरेचा हिशेब दोन्हीकडे बसायचा. या दोन कार्डांना जोडणारा धागा एवढाच, तो दाखला. तो फायलीत गेला की दोन्ही घरं सरकारदरबारी पुन्हा एकमेकांना अनोळखी.

मुंबईत रेशनिंग आलं १९४३ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत. वाटायचं होतं धान्य. पण त्यासाठी घरात माणसं किती, हे लिहून घ्यावं लागलं आणि कार्ड हळूहळू कुटुंबाची नोंदवही होऊन बसलं. कुटुंबप्रमुख, त्याच्याशी नातं, वय, पत्ता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईला कार्डापुरतं कुटुंबप्रमुख केलं. कार्डावर तरी सासूबाई अखेर पहिल्या ओळीत आल्या.

आपल्याकडच्या कुटुंबाच्या नोंदींचं माप मात्र एकच, चूल. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. (‘चुलत’ या शब्दातही चूल ऐकू येते, पण तो कानाचा भास. शब्द आला ‘चुलता’वरून आणि चुलता ‘क्षुल्लतात’, म्हणजे धाकटा बाप, यावरून.) गावात भावाभावांची चूल वेगळी झाली की घर फुटलं म्हणत. उपनगरात हे माप लंगडं पडतं. आई-वडील ‘ए’ विंगमध्ये, मुलगा-सून ‘सी’ विंगमध्ये. कुकर इकडे लागतो, पोळ्या तिकडे होतात, नातू शाळेतून आला की आजीकडे जेवून झोपतो. प्रगणकाच्या लेखी ही दोन कुटुंबं. त्यांच्यामधल्या लिफ्टला रकाना नाही.

स्वीडनने हा रकाना वेगळ्या वाटेने भरला आहे. तिथे १९४७ पासून प्रत्येकाला एक क्रमांक आहे. त्यांच्या बहुपिढी नोंदवहीत १९३२ पासून जन्मलेल्या आणि १९६१ नंतर कधी ना कधी देशात नोंदल्या गेलेल्या माणसांच्या क्रमांकापुढे आई आणि वडील यांचे क्रमांक लिहिलेले असतात. फक्त दोन दुवे. बाकीचं गणित आपण रोज तोंडी करतो तेच: ज्यांचे आईवडील एक ते सख्खे; आईची आई ती आजी; वडिलांच्या बहिणीची मुलं ती आत्येभावंडं. आपल्याकडे चुलत, आत्ये, मामे, मावस अशी चार निराळी नावं आहेत. संगणकाला ती चारही नाती त्या दोन दुव्यांतून सापडतात. मग प्रत्येकाचा पत्ता जोडायचा आणि कुठल्या म्हाताऱ्या आईपासून तिचं सगळ्यांत जवळचं लेकरू किती किलोमीटरवर राहतं, ते मोजायचं. जपानी लोकांनी या अंतराला छान माप दिलंय: सूप थंड होणार नाही इतकं.

आपल्या उपनगरांत मात्र किलोमीटरला फसू नये. बोरिवली आणि मुलुंड ही स्थानकं नकाशावर सरळ रेषेत जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर. पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. आईला भेटायचं तर दादरला गाडी बदला, नाहीतर घोडबंदरचा वळसा घ्या. रुळांवरून तो प्रवास चाळीस किलोमीटरच्या पुढे जातो. अंधेरी आणि घाटकोपरची गोष्ट उलट. ८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मावशीचं घर न हलता जवळ आलं. म्हणून स्थळ बघताना ‘वेस्टर्न की सेंट्रल?’ हा प्रश्न पत्रिकेइतकाच गंभीर असतो. इथलं नातं मोजायचं तर गाडी किती वेळा बदलावी लागते, ते मोजायला हवं.

आपली अडचण पत्त्यांची नाही, दुव्यांची आहे. २०१० साली राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी आईचं, वडिलांचं, जोडीदाराचं नाव विचारलं गेलं, पण ती होती नुसती नावं. आणि ‘सुरेश’ नावाचे वडील एका अंधेरीतच किती निघतील! मतदार यादीत लग्न झालेल्या बाईच्या नावाखाली बहुधा नवऱ्याचं नाव. लग्नाआधीचं नाव-आडनाव तिथे कुठेच नाही. घराण्यांनी हौसेने छापलेल्या कुलवृत्तांतांत शाखा, मूळ गाव, कोण कुठे राहतो, सगळं असतं. मुलींच्या नोंदी मात्र बहुधा सासरच्या नावापाशी थांबतात. तिची मुलं दुसऱ्या ग्रंथात. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतभरची नातेव्यवस्था मांडताना मुलगी कुठे दिली जाते, किती लांब, कोणाकडे, याला महत्त्व दिलं होतं. आपल्या वह्यांनी नेमकं तेच सोडलं. बाळंतपणाला कोण धावतं, पाळणाघर बंद असलं की मूल कुणाकडे जातं, याची उत्तरं बऱ्याचदा माहेरच्या बाजूला असतात, वही सासरची.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्राने आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं. उशिरा का होईना, एक दुवा वाढला. तो पूर्ण वंशवृक्षात गुंफावा का, याविषयी मी साशंक आहे. मुंबईत रेशनिंग आलं, त्याच १९४३ सालच्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅममधल्या प्रतिकारकांनी शहराची लोकसंख्या नोंदणी कचेरी पेटवून दिली. नाझी तिथल्याच पत्त्यांवरून ज्यूंना शोधून काढत होते.

आता १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे. ‘ए’ आणि ‘सी’ विंगमध्ये पुन्हा वेगवेगळी नोंद होईल. जुनं कार्ड मात्र अजून कित्येक कपाटांत प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. गिरगावचा पत्ता, खाली सात-आठ नावं. दोन आत्या लाल शाईने खोडलेल्या, शेजारी शिक्का आणि तारीख. एक मुलुंडला गेली, एक बोरिवलीला. कुठे गेल्या ते कार्डावर लिहिलेलं नाही, आजीला विचारावं लागतं.