दोन ‘स’ आणि 36 मांडण्या

‘कॅट’सारख्या प्रवेश परीक्षांत मोजणीचे प्रश्न चुकतात ते बहुधा सूत्र न आठवल्यामुळे नव्हे, तर क्रमाला महत्त्व आहे की नाही, हे आधी न ठरवल्यामुळे. पाच जणांतून अध्यक्ष आणि सचिव नेमताना क्रम बदलला की निकालही बदलतो, म्हणून 5 × 4 = 20 प्रकार होतात व त्यांना पर्म्युटेशन म्हणतात; त्याच पाचांतून दोघांची समिती निवडताना मात्र प्रत्येक जोडी दोनदा मोजली जात असल्याने 10च प्रकार उरतात, आणि हे कॉम्बिनेशन होय.

खरा कस लागतो तो अटींमुळे. ‘सरसकट’ या शब्दातील अक्षरे दोन ‘स’ शेजारी न आणता मांडायची असतील, तर पाच अक्षरांच्या 5!, म्हणजे 5 × 4 × 3 × 2 × 1 = 120 मांडण्यांना, दोन्ही ‘स’ सारखेच असल्याने, 2 ने भागून 60 मिळतात, आणि जोडलेल्या ‘स’ची गाठ एकच अक्षर मानून येणाऱ्या 4! = 24 मांडण्या त्यांतून वजा केल्यावर 36 राहतात. दुसरी वाट अधिक देखणी आहे : र, क, ट आधी 6 प्रकारे मांडावेत आणि त्यांच्या मधल्या व कडेच्या चार जागांतून ‘स’साठी दोन जागा 6 प्रकारे निवडाव्यात, 6 × 6 पुन्हा 36च. परीक्षेत असा ताळा अर्ध्या मिनिटात होतो.

हा विषय परदेशातून आलेला मानण्याचे कारण नाही, कारण भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त, ‘अंकपाश’ प्रकरणात, शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल करून होणारे 36,28,800 मूर्तिभेद मोजले आहेत. चतुर्भुज विष्णूच्या वाट्याला मात्र 24च येतात.