प्रोसेसर बदलला म्हणून रेड मोडत नाही

समजा, बोळिंजमधल्या एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफरकडचा चार डिस्कचा जुना नास (नेटवर्कवरची साठवणपेटी) बंद पडला. डिस्क शाबूत आहेत. त्या इंटेलच्या संगणकाला किंवा रास्पबेरी पायला जोडल्या, तर फोटो मिळतील का? नास लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्क एक संच म्हणून वापरण्याच्या पद्धतीवर) चालत असेल, तर बहुधा मिळतील. अडचण येते ती बऱ्याचदा चुकीच्या समजुतींमुळे.

गैरसमज : रेड त्या यंत्रालाच बांधलेला असतो.
वस्तुस्थिती : रेडची कुंडली प्रत्येक डिस्कवरच्या सुपरब्लॉक नावाच्या नोंदीत असते. संचाची ओळख, रेडची पातळी, चंकचा (डिस्कवर वाटल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार आणि त्या डिस्कचं संचातलं स्थान हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्यामुळे डिस्क कोणत्या केबलला लावली याने फरक पडत नाही. रेड ५ ची पॅरिटीही (गेलेल्या डिस्कचा मजकूर भरून काढणारी जास्तीची माहिती) कोणत्याही प्रोसेसरवर सारखीच निघते.

गैरसमज : बाइटचा क्रम वेगळा असेल, तर संच गेलाच.
वस्तुस्थिती : तारखेत कोणी दिवस आधी लिहितं, कोणी वर्ष; मोठे आकडे साठवताना प्रोसेसरांचंही तसंच असतं. इंटेल, एएमडी आणि एआरएमवरचं नेहमीचं लिनक्स एकाच क्रमाने चालतं. स्पार्क आणि जुने पॉवरपीसी उलट क्रमाचे. सुपरब्लॉकची १.० ते १.२ ही रूपं मात्र यंत्र कोणतंही असो, एकाच ठरलेल्या क्रमाने लिहिली जातात. फक्त जुनं ०.९० हे रूप त्या-त्या यंत्राच्या क्रमाने लिहिलं जाई. त्यासाठीही लिनक्सचा रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या आज्ञेत, संच जुळवताना द्यायचा, 'बाइटऑर्डर' हा अपडेटचा पर्याय आहे.

गैरसमज : संच जुळला की फाइली दिसतातच.
वस्तुस्थिती : रेडच्या वर फाइल सिस्टिम असते आणि खरी अडचण तिथेच येते. एक्स्ट ४ आणि एक्सएफएस यांचा बाइटक्रम ठरलेला आहे. मात्र एक्सएफएसचं लॉग (बदलांची नोंद) अर्धवट राहिलं असेल, तर उलट क्रमाच्या यंत्रावर ते पुरं करता येत नाही. म्हणून जुनं यंत्र चालू असेल तर आधी नीट अनमाउंट करावं. ब्लॉकचा आकारही पाहावा. नेटगिअरच्या स्पार्कवाल्या जुन्या रेडीनासमध्ये तो १६ केबी होता. नेहमीच्या संगणकावरचं लिनक्स ४ केबी पेजचं (मेमरीच्या तुकड्याचं), पेजहून मोठा ब्लॉक त्याला झेपत नसे, त्यामुळे रेडीनासची एक्स्ट ३ फाइल सिस्टिम तिथे थेट माउंट होत नसे. शिवाय ३२ बिटच्या लिनक्सवर १६ टीबीहून मोठी फाइल सिस्टिम चालत नाही.

गैरसमज : संच जुळत नसेल तर 'क्रिएट' करून पाहावं.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. एमडीएडीएमचं 'क्रिएट' नवा सुपरब्लॉक लिहितं. डिस्कचा क्रम, चंक किंवा डेटा सुरू होण्याची जागा जुन्याहून वेगळी पडली, तर मजकूर विस्कटलेला दिसतो आणि त्यावर सुरू झालेलं रिसिंक (डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवणं) तो कायमचा बिघडवू शकतं. आधी 'एक्झामिन'ने प्रत्येक डिस्क वाचावी, उत्तरं जपून ठेवावीत, मग 'रीडओन्ली' पर्यायासह 'असेंबल' करावं. विंडोजला लिनक्सचा रेड कळत नाही. डिस्क फॉरमॅट करायची का असं त्याने विचारलं, तर नकार द्यावा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क हलवण्यापूर्वी शक्य असेल तर दुसरी प्रत काढून ठेवा.